तात्पुरतं होय

१

फोनवरचा माणूस इतका गोड बोलत होता की थोरलीचं टाळकं आणखीच सरकलं.

“हे सगळं आपल्या सुरक्षिततेसाठीच आहे, मॅडम,” तो पुन्हा म्हणाला.

“कुणाच्या सुरक्षिततेसाठी? जिचा लॅपटॉप आहे ती वारली. माझी धाकटी बहीण होती. तिचं बोट कुठून आणू मी?”

“आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. पण आतली सुरक्षा चिप नोंदवलेल्या बोटाशिवाय कुणालाच होय म्हणत नाही. आम्हालासुद्धा नाही.”

“स्वतः केलेलं कुलूप स्वतःला उघडता येत नाही, आणि हे तुम्ही वर तोंड करून सांगताय?”

त्याने तिला जरा थांबायला सांगितलं आणि कानात बासरी सोडून दिली. बासरी वाजत राहिली, माणूस काही परत आला नाही. थोरलीने फोन भिंतीवर आपटला नाही तो एवढ्यासाठीच, की फोन तिचा स्वतःचा होता.

खिडकीपाशी खुर्चीत आई बसली होती. धाकटी ऑफिसातून दुचाकीवर परत येत असताना मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं, ती बातमी दारात आली आणि आईची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर. म्हणोत बापडे. आईला कळत सगळं होतं, काठी घेऊन चालताही यायचं, फक्त शब्द बाहेर येत नव्हता. खुर्चीच्या लाकडी हातावर बोट आपटून ती बोलायची. एकदा आपटलं की होय, दोनदा आपटलं की नाही. दोनदा आपटताना ती मध्ये चांगली जागा सोडायची, ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून.

ही पद्धत लावून दिली होती बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी. घरात त्यांना वाचाबाई म्हणत. गेल्या खेपेला वाचाबाई थोरलीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांचं स्वतःचं बोलणं कुठे रेकॉर्ड केलेलं आहे का? स्वतःचा आवाज ऐकून काही जणांची गाडी रुळावर येते. पण जे काय कराल ते लवकर. गप्प राहण्याची एकदा सवय लागली की पुढे माझ्याही हातात काही राहत नाही.”

आईचं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी धाकटी आईला समोर बसवायची आणि इस्पितळाच्या धुलाईघरातल्या तिच्या नोकरीच्या गोष्टी सांगायला लावायची. तासन्‌तास चालायचं. ते सगळं या लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉप धाकटीच्या बोटाची वाट बघत बसला होता. चालू करायच्या बटणावरच ठशाची काचपट्टी होती. थोरलीने पुन्हा एकदा स्वतःचं बोट टेकवलं. कडेचा दिवा लाल झाला.

“आई, फोडू का हे?” थोरलीने विचारलं.

आईने लॅपटॉपकडे पाहिलं. मग दोनदा बोट आपटलं.

“तुझ्याच भल्यासाठी विचारतेय,” थोरली म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेली.

२

या दोघी बहिणींचं कधी पटलं नाही, आणि त्याचं कारण दोघींच्या धंद्यातच होतं. थोरली एका वर्कशॉपमध्ये बंद पडलेली यंत्रं उघडायची. धाकटी ज्या कंपनीत होती तिथे लॅपटॉपच्या या सुरक्षा चिपाच बनत. आई म्हणायची, एक पोरगी कुलपं करते, दुसरी फोडते, आणि मी मधल्यामध्ये किल्ली शोधत बसते.

लहानपणी धाकटीकडे एक पत्र्याची पेटी होती, कुलूपवाली. थोरलीला ते बघवेना. तिने एका दुपारी बिजागरीच्या बाजूने पेटी उघडली. धाकटी धावत आली, झाकण लावायला गेली आणि पत्रा तिच्याच बोटावर बसला. उजव्या हाताची तर्जनी. टाके पडले, आणि बोटाच्या पेरावर तिरपा व्रण राहिला तो कायमचा. आई भिजल्या हातांनी बाहेर आली आणि नेहमीसारखी दोघींच्या मध्ये हात घालून उभी राहिली.

पेटीत काहीच नव्हतं. रिकामी होती.

“मग एवढा तमाशा कशाला?” थोरलीने विचारलं होतं.

“बंद होती ना, ताई,” धाकटी रडत म्हणाली होती. “बंद असलेलं तुला बघवतच नाही.”

थोरलीला ताई म्हणणारी जगात ती एकटीच. आई तिला खटपटे म्हणायची, कारण घरात जे मोडेल ते ती तात्पुरतं दुरुस्त करायची. तात्पुरतं हा तिचा शब्द. न्हाणीघराचा नळ तारेने बांधलेला, तात्पुरता. दाराची घंटा चिकटपट्टीने लटकवलेली, तात्पुरती. वर्षं उलटली तरी नळ तारेवर आणि घंटा पट्टीवर. धाकटी घरी आली की आधी घंटेकडे बघायची आणि नाक मुरडून म्हणायची, “तात्पुरतं म्हणे.”

शेवटचं भांडणही याच लॅपटॉपवरून झालं. थोरली म्हणाली होती, “तुमच्या त्या चिपवर मी साधा मेनलाइन लिनक्स चालवून दाखवते. कंपनीचा एक शब्द ठेवत नाही आत.”

मेनलाइन म्हणजे लिनक्सचा मूळ प्रवाह. जगासमोर उघड्यावर लिहिलेला, कुणीही वाचावा असा, कुठल्याही कंपनीच्या चोरट्या ठिगळांशिवाय. थोरलीचा त्याच्यावर भारी जीव.

“माझ्या वस्तूला हात लावायचा नाही,” धाकटी म्हणाली.

“असं आहे काय त्यात? लोकांना त्यांच्याच वस्तूसाठी ‘नाही’ म्हणायचं, एवढाच तुमचा धंदा.”

धाकटी चप्पल घालता घालता थांबली. “‘नाही’ आम्ही बाहेरच्यालाच म्हणतो, असं तुला वाटतं,” ती म्हणाली, आणि दार ओढून गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत, आणि मग बोलायला धाकटीच राहिली नाही. थोरलीला त्याचं दुःख होतंच, पण दुःखापेक्षा राग जास्त होता. असं अर्धं वाक्य टाकून कुणी मरतं का?

३

लॅपटॉपच्या पोटात मोठ्या प्रोसेसरशेजारी नखाएवढी एक वेगळी चिप असते. तो एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटरच. ठसा तिच्याकडे, किल्ली तिच्याकडे. बटण दाबलं की मोठा कॉम्प्युटर तिला विचारतो, उघडू का? तिने होय म्हटलं तर पुढचं सगळं, नाही तर बसा.

थोरलीने वर्कशॉपमधून रजा काढली. खाली बोर्डावर एक पिन सापडली. सुरू होण्याच्या क्षणी ती पिन दाबून धरली की चिप गोंधळायची आणि बाहेरून दिलेला प्रोग्राम गिळायची. त्या वाटेने थोरलीने आतला कंपनीचा प्रोग्राम पुसून टाकला आणि त्या जागी स्वतःचा मेनलाइन लिनक्स बसवला. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात दिवसचे दिवस गेले, शिव्यांचा साठा संपत आला आणि चहा थंड होत राहिला. शेवटी एका सकाळी, लॅपटॉपच्या हवेच्या जाळीतून बाहेर काढलेल्या तीन वायरींच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. चिप जागी झाली होती, आणि आता तिच्या आत थोरलीने न वाचलेलं एक अक्षरही नव्हतं.

“बघ म्हणावं,” ती म्हणाली. कुणाला ते तिलाच ठाऊक.

मग काचपट्टी. बोट टेकलं की कळावं म्हणून थोरलीने एक बारीक घंटा जोडली. बोट आलं की टिंग. आणि प्रत्येक बोटाला चिपने काय उत्तर द्यायचं, तिथे तिने एकच ओळ लिहिली. कुठलंही बोट येवो, होय म्हण. शेजारी स्वतःसाठी शेरा मारला, तात्पुरतं. या धंद्यातला कुणीही हेच करतो. आधी सगळ्याला होय म्हणायचं, काम चालतंय का बघायचं, मग बारकाईने तपासणी लिहायची. आणि इथे तर तपासणीची गरजच नव्हती. ज्याचा ठसा जुळायला हवा ते बोटच राहिलं नव्हतं.

तिने बोट टेकवलं. टिंग. पडद्यावर आलं, होय.

तिने आईचा हात धरून तिचं बोट टेकवून बघितलं. काही नाही. आईच्या बोटांवरच्या रेषा सोड्याने आणि वाफेने कधीच पुसल्या होत्या, बोटं नुसती गुळगुळीत. कुठल्याच कचेरीतल्या यंत्राला आईचं बोट दिसत नसे. रेषा दिसल्याशिवाय ही काचही ते बोट मानायला तयार नव्हती.

आता एकच राहिलं होतं. चिपचं होय मोठ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचं. दोघांमधली बोलायची वाट अजून बंद होती. त्यामुळे सध्या ते होय चिपपाशीच राहत होतं, असं थोरली समजत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेरच्या खोलीत टिंग वाजलं.

ती हात पुसत आली. आई खुर्चीत, खिडकीपाशी. लॅपटॉप टेबलावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पडद्यावर एक नवं होय.

सैल वायर, थोरली म्हणाली. तिने तिन्ही वायरींना सोल्डरिंगचा डाग पुन्हा दिला. ती आत गेली तशी पुन्हा टिंग. मग तिने बोर्डाला अर्थिंग दिलं, विजेची केबल बदलली, टेबलाखालचा गालिचा गुंडाळून बाल्कनीत नेऊन टाकला. टिंग. हवेतला ओलावा म्हणावा तर बाहेर कपडे तासाभरात वाळत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, त्याच्या हादऱ्याने होत असेल म्हणून ती वर जाऊन त्यांच्याशी भांडूनही आली. खुर्ची थांबली. घंटा थांबली नाही.

तिने काचेवर कागदी पट्टी चिकटवली, एकावर एक, चांगली जाड. आता खुद्द तिचं बोट लावलं तरी काचेला काही दिसत नव्हतं. तिने समाधानाने खुर्ची मागे घेतली आणि घंटा वाजली. एकदा नाही, टिंग टिंग टिंग टिंग, अशी धडाधड, चिडून. लहानपणी थोरली न्हाणीघरात जास्त वेळ बसली की धाकटी दार असंच बडवायची.

हे तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. रागच आला तिला स्वतःचा. शिकलेली बाई तू, एक घंटा वाजते तर लागलीस का माणसं शोधायला?

घंटा वाजली की आई दर वेळी खुर्चीच्या हातावर बोट आपटायची. एकदा, थांबून दुसऱ्यांदा. नाही.

“आवाज नको वाटतो का?” थोरलीने विचारलं आणि घंटा बारीक केली.

आईने पुन्हा दोनदा आपटलं, जोरात. थोरलीला वाटलं, म्हातारपणी चिडचिड होतेच माणसाची.

५

चिप आणि मोठा कॉम्प्युटर यांच्यामधली वाट कशी खुली करायची, ते काही थोरलीला जमेना. म्हणून तिने धाकटीच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला बोलावलं. धाकटीचं सामान खोक्यात घालून घरी पोचवणारा तोच. नाव लक्षात राहत नसे म्हणून ती त्याला मनातल्या मनात दाढीवाला म्हणे. तो जेवणाच्या सुट्टीत आला, आईच्या पाया पडला, थोरलीने दिलेला चहा घेऊन बसला आणि बिचाऱ्याने वाट कशी खुली होते ते नीट समजावूनही सांगितलं. त्याला वाटलं होतं, थोरलीला नुसतंच कुतूहल आहे. पडद्याकडे त्याचं लक्ष गेलं ते नंतर.

“हे चालू आहे?” तो म्हणाला. “त्या चिपवर?”

“मेनलाइन,” थोरली म्हणाली. “तुमचा एक शब्द नाही त्यात.”

“आणि हे होय कसलं?”

“तात्पुरतं आहे.”

“आमचा प्रोग्राम कुठे ठेवलात?”

“ठेवायचा कशाला? पुसला.”

“नाही म्हणणारा भागसुद्धा?”

“तोच तर आडवा येत होता.”

टिंग.

दाढीवाल्याने काचपट्टीकडे पाहिलं. तिच्यावर कागदी पट्ट्यांचा थर होता आणि आसपास कुणाचाही हात नव्हता.

“सैल वायर,” थोरली म्हणाली.

“आम्हीही आधी सैल वायरच म्हणत होतो,” तो म्हणाला. त्याने भरला कप खाली ठेवला आणि उठला. मोजे घालायलाही थांबला नाही, हातातच घेतले. “मॅडम, आज, आत्ता त्याला ‘नाही’ म्हणा.”

“कुणाला?”

तो दार उघडून जिन्यावर गेला. लिफ्ट मजल्यावर उभी होती, तरी जिन्याने गेला.

“अहो, कुणाला ते तर सांगा,” थोरली कठड्यावरून ओरडली. खालून फक्त पावलं ऐकू आली. थोरलीचं पित्त खवळलं. हे असे लोक. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या करायच्या, अर्धवट बोलायचं आणि तोंड लपवून पळायचं. धाकटीला ही खोड कुठून लागली ते आज कळलं.

तरीही ती टेबलाशी आली आणि त्या ओळीवर येऊन थांबली. ‘होय’ पुसून ‘नाही’ लिहायचं, एवढंच काम. तिची बोटं कळफलकावर होती. पण ‘नाही’ लिहिलं की लॅपटॉप उघडण्याचा प्रश्नच मिटला. तेवढ्यात फोन वाजला. वाचाबाई होत्या. कालच्या सरावात आईने ओठ हलवायचाही प्रयत्न केला नाही, म्हणाल्या. मिळालं का ते रेकॉर्डिंग?

“मिळतंय,” थोरली म्हणाली आणि ती ओळ तिने तशीच राहू दिली.

६

मात्र एक काम तिने केलं. घंटा वाजेल तेव्हा काचेला जे दिसलं असेल त्याचं चित्र साठवून ठेव, असं चिपला सांगितलं. वायरीचा दोष असेल तर चित्रात नुसता करडा चिखल येईल, आणि तो दाढीवाल्याच्या तोंडावर मारता येईल, हा हिशेब.

दुपारी कपडे घडी करताना घंटा वाजली. तिने घड्या पुऱ्या केल्या, मुद्दामच. मग चित्र उघडलं.

बोट होतं. स्वच्छ, ठसठशीत, रेषारेषा मोजाव्यात असं. आणि पेरावर तिरपा व्रण.

थोरलीने चित्र मोठं करून पाहिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत होता. तिला वाटलं आपण रडणार, पण आला तो संतापच. “मेल्यावरही भांडायचं आहे का तुला?” ती मोठ्याने म्हणाली. मग डोकं चालायला लागलं. चिपच्या एखाद्या कोपऱ्यात धाकटीचा जुना ठसा राहिला असेल, तोच परत वर येत असेल. सरळ आहे. याच्यात भुतंखेतं कुठे आली?

तिने धाकटीच्या कागदपत्रांवरचा ठसा आणून पडद्याशेजारी धरला. रेषा त्याच होत्या, पण व्रण जुळत नव्हता. कागदावरचा डावीकडे झुकलेला, चित्रातला उजवीकडे. अख्खं चित्रच उलटं होतं.

म्हणजे आपल्याच प्रोग्राममध्ये डावं-उजवं उलटं झालंय. होतं असं, नेहमीची चूक. तिने कागदी पट्ट्या सोलून काढल्या आणि स्वतःचं बोट टेकवलं. तिच्या तर्जनीवर डाग देताना भाजल्याची एक जुनी खूण होती. चित्रात ती बरोबर जिथल्या तिथे आली. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिचं बोट सुलटं दिसत होतं.

काचेवर अलीकडून टेकलेलं बोट सुलटं दिसतं. उलटं कधी दिसेल, याचं उत्तर थोरलीला लगेच सुचलं, आणि ती पटकन उठून पाणी प्यायला गेली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नळाची तार उगाच घट्ट करत राहिली.

मागे घंटा वाजत होती आणि आई बोट आपटत होती. नाही. नाही.

७

शहाण्या माणसाने तिथेच वायरी उपटल्या असत्या. थोरली शहाणी होती, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात राख गेली होती. एक माणूस गोड बोलून बासरी लावतो, दुसरा मोजे हातात घेऊन पळतो, बहीण मरून जाते आणि जाताना आईचा आवाज कुलपात घालून जाते. आणि आता आतून घंट्या. “मला माझ्या आईचा आवाज हवाय,” ती लॅपटॉपला म्हणाली. “तुला जे हवं असेल ते घे आणि गप्प बस.”

दाढीवाल्याने सांगितलं होतं तसं तिने केलं. वाट खुली झाली. तिने काचेवर ठेवायला बोट पुढे केलं, पण ते पोचायच्या आधीच टिंग वाजलं. कडेचा दिवा हिरवा झाला आणि धाकटीचा लॅपटॉप उघडला.

लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं धाकटीसारखंच होतं. नीटनेटकं, एका रांगेत. एका फोल्डरचं नाव होतं, आई बोलते. थोरलीने पहिलीच फाइल लावली.

“…वाफ इतकी की शेजारची बाई दिसायची नाही,” आईचा आवाज खोलीत आला. भरलेला, खणखणीत, मधूनच हसणारा. “मग आम्ही काय करायचो, एकमेकींना हाका मारत राहायचो. हाक आली की समजायचं, आहे अजून. थोरलीला सांग हं हे, खटपटेला. तिला असल्या गोष्टी आवडतात, फक्त ती ऐकायला बसत नाही कधी.”

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने वळून पाहिलं. खुर्चीत आईचे ओठ हलत होते. खरंच हलत होते. वाचाबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

“आई, बोल,” ती म्हणाली. “बोल ना. तुझंच आहे हे.”

घंटा वाजायला लागली. टिंग टिंग टिंग टिंग, दार बडवावं तशी, थांबेचना. जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर होयची रांग खाली खाली सरकू लागली.

“गप्प बस,” थोरली ओरडली. “मेलीस तू. कळतंय का? मेलीस, आणि मला न सांगता मेलीस.”

घंटा आणखी जोरात. थोरलीने टेबलावर मूठ आपटली. दोघी अशा पेटल्या असताना आई उठली. काठी न घेता उठली, एक पाय ओढत, हाताने भिंत धरत. थोरलीला वाटलं ती आपल्याकडे येते आहे. ती दोघींच्या मध्ये आली. भिजल्या हातांनी यायची तशी, आता पुरे म्हणावं तसा चेहरा करून. आणि घंटा थांबावी म्हणून तिने आपलं गुळगुळीत बोट काचेवर दाबून धरलं.

टिंग, एकदाच, लांब. ज्या बोटाला आजवर कुठल्याही यंत्राने बोट मानलं नव्हतं, त्याला काचेने होय म्हटलं. रेकॉर्डिंग शब्दाच्या मध्येच बंद पडलं.

८

खोली एकदम शांत झाली. आई पाठमोरी उभी होती, बोट अजून काचेवर. मग तिने खाकरून घसा साफ केला.

“ताई,” ती म्हणाली.

थोरलीने झेप घेऊन तिला मिठीच मारली. शब्द आला होता. न वापरल्याने खरखरीत झालेला, पण आईच्या आवाजातला शब्द. ती हसत होती, रडत होती, वाचाबाईंना फोन करायला हवा म्हणत होती. आणि तसं म्हणता म्हणता तिची मिठी सुटली.

आईने तिला आयुष्यात कधी ताई म्हटलं नव्हतं. कुठली आई आपल्या लेकीला ताई म्हणून हाक मारते, आणि तीही या सुरात?

“बंद असलेलं तुला बघवतच नाही,” आईचं तोंड म्हणालं. “कितीदा सांगायचं? किती बडवलं मी दार. मला उघड म्हणत नव्हते मी, ताई. लाव म्हणत होते.”

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले आणि उजेडाकडे वळवले. उजव्या तर्जनीवर रेषा होत्या. दाट, स्पष्ट, गोल गोल फिरत गेलेल्या. त्यांच्यावरून तिरपा व्रण गेला होता, पण चुकीच्या बाजूला झुकलेला.

“आई,” थोरली म्हणाली. “आई कुठे आहे?”

आईच्या डोळ्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे. तिथे ती ओळ उघडीच होती, आणि शेजारी थोरलीचा शेरा. आईचं नाक मुरडलं गेलं.

“तात्पुरतं म्हणे,” ती म्हणाली. मग चिडून, घाईने, “बसलीस काय अशी? आता तरी ‘नाही’ लिही. मागून आणखी कुणी यायच्या आत लाव ते दार.”

थोरलीने एका हाताने ते दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आणि दुसरा कळफलकाकडे नेला. होय तिने पुसलं. पहिलं अक्षर लिहिलं. न. आता काना द्यायचा, ह, दीर्घ वेलांटी आणि चिपला पाठवायचं, की संपलं.

घंटा वाजली.

काचेजवळ कुणी नव्हतं. आईचे हात तिच्या मुठीत होते, तिचा स्वतःचा हात कळफलकावर होता. धाकटी बडवायची तशी घंटा नव्हती ही. एकदा टिंग झालं. मग मध्ये चांगली जागा सुटली, ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये एवढी. मग दुसऱ्यांदा टिंग.

आणि नवी ओळ अजून चिपला पाठवलेली नव्हती, म्हणून पडद्यावर जुनंच उत्तर एकाखाली एक उमटलं.

होय.

होय.